देखरेख : मुकादमाची आणि कल्याणमित्राची

स्मरणिकेसाठी इतिहासाविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा महाडचे चवदार तळे, खोतीविरुद्धचा लढा, रायगड जिल्ह्यातील धम्मचळवळ असे नेहमीचे विषय आमच्या डोळ्यांसमोर आले. त्यांवर यापूर्वीच्या अंकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. परंतु गेल्या पावसाळ्यातील एका भेटीने आम्हांस निराळ्याच विषयाकडे वळविले.

रविवार होता. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर असलेला आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. चहा झाल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो मेमो होता. त्याला मिळालेला नव्हे, त्याने दुसऱ्याला द्यावयाचा. "सर, भाषा तेवढी तपासून द्या," इतकीच त्याची विनंती होती.

प्रसंग असा. दुसऱ्या पाळीत एका पाइपच्या जोडावरून थेंब थेंब गळती सुरू झाली होती. एका कंत्राटी कामगाराने ती पाहिली, तिच्याखाली बादली ठेवली आणि कोणासही काही न सांगता पाळी संपल्यावर तो निघून गेला. तिसऱ्या पाळीतील माणसाच्या हातमोज्यावर थेंब पडला तेव्हा गळती उघडकीस आली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

"त्याला विचारलंस का, सांगितलं का नाही म्हणून?" आम्ही विचारले.

"विचारलं, सर. म्हणतो, साहेब, मागे ज्यानं सांगितलं त्याचा गेट पास दुसऱ्या दिवशी बंद झाला. मी बादली तरी ठेवली."

"तो पास कोणी बंद केला होता?"

विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला. "ठेकेदारानं. मी फक्त त्याचं नाव वर कळवलं होतं."

आम्ही मेमोची भाषा तपासली नाही. कागद तसाच घडी करून त्याच्या हाती दिला आणि सायंकाळपर्यंत दोघेही बोलत बसलो. प्रस्तुत लेख त्या बोलण्यातून जन्मला. आपल्या शाळेतून शिकून गेलेले अनेक जण आज कोठे सुपरवायझर, कोठे वॉर्डाच्या मुख्य परिचारिका, कोठे केंद्रप्रमुख, कोठे बांधकामावरील देखरेख करणारे झाले आहेत. दुसऱ्याची हजेरी ज्यांच्या हाती आली, अशी ही आपल्या घरांतील पहिली पिढी. शेतात कसे राबावे, हे सांगायला घरात वडील होते. दहा माणसांकडून काम कसे करून घ्यावे, हे सांगणारे कोणी नव्हते. मग माणूस जे पाहत आला तेच करू लागतो. आणि आपण काय पाहत आलो आहोत? मुकादम.

मुकादमाचा इतिहास कोकणच्या माणसाला पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. मुंबईच्या कापडगिरण्या रत्नागिरी-कुलाब्याच्या माणसांच्या घामावर उभ्या राहिल्या आणि त्या माणसांवर नजर ठेवणारा जॉबर हाच त्यांच्यासाठी गिरणीचा खरा मालक होता. कामावर घेणे, बदली देणे, रजा देणे, काढून टाकणे, सारे त्याच्या मर्जीवर. नोकरी मिळविण्यासाठी आणि टिकविण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. अनेकदा तोच सावकार, तोच खोलीचा मालक, तोच दुकानदार. आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. गावाहून परतताना ते स्वतःसाठी मूठभर आणि जॉबरसाठी पायलीभर कडवे वाल नेत, असे आमची आजी सांगे. वाल नेले नाहीत त्या वर्षी त्यांना पंधरा दिवस बदलीच मिळाली नाही.

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेची दखल घेतली आणि कामगारांची भरती त्याच्या हातून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी, असे सुचविले. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला, पुढच्या वर्षी बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली. जॉबरची सत्ता ओसरली, पण एका दिवसात गेली नाही. येथे अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जॉबर आळशी नव्हता. तो दिवसभर खात्यात फिरे, ओरडे, प्रत्येकावर डोळा ठेवी. देखरेख भरपूर होती. परंतु यंत्रात बिघाड झाला तर कामगार तो जॉबरपासून लपवी, कारण बिघाड सांगणारा आणि बिघाड करणारा यांत जॉबर भेद करीत नसे. भयावर चालणाऱ्या देखरेखीचा हा मूळ दोष होय. तिला माणसे दिसतात, काम दिसत नाही.

मुकादम हा केवळ इतिहासजमा प्राणी आहे, असेही कोणी समजू नये. आपल्याच पेण-रोहा परिसरातील कातकरी कुटुंबे पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, तेव्हा त्यांच्यामागे कोण असतो? वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा. उचलीचा हिशेब मात्र अद्याप मुकादमाच्याच वहीत असतो.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. ती आपल्या समाजाला अधिक झोंबणारी आहे, म्हणून तिच्याविषयी सहसा बोलले जात नाही.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. विद्येने ते त्या कचेरीतील कोणाहूनही कमी नव्हते आणि पद अधिकाऱ्याचे होते. तरीही हाताखालचे शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबूनच फेकीत आणि कचेरीत त्यांना पिण्यास पाणी मिळत नसे. शासनाने नियुक्तिपत्र दिले; समाजाने अधिकार दिला नाही. आजचा आपला सुपरवायझर याच वस्तुस्थितीच्या सौम्य आवृत्तीस तोंड देत असतो. फायली कोणी फेकीत नाही. सूचना मात्र त्याच्या तोंडून ऐकली तर डोक्यावरून जाते आणि तीच दुसऱ्या आडनावाच्या माणसाने दिली तर लगेच पाळली जाते. 'साहेब' म्हटले जाते, पण डब्यातली भाजी पुढे सरकत नाही.

या अपमानाला दोन प्रकारे उत्तर दिले जाते आणि दोन्ही आम्ही जवळून पाहिली आहेत. काही जण अंग चोरतात. कोणास काही सांगतच नाहीत, सगळे काम स्वतः करून मोकळे होतात आणि पंचेचाळिशीत रक्तदाबाच्या गोळ्या घेऊ लागतात. काही जण याच्या उलट. वरच्यांना आपण कडक आहोत हे दाखविण्यासाठी ते सर्वांत दुबळ्या माणसावर तुटून पडतात, आणि तो दुबळा माणूस बहुधा आपल्याच वस्तीतला किंवा कातकरवाडीतला कंत्राटी कामगार असतो. आमच्या विद्यार्थ्याने ज्याचे नाव वर कळविले तो कोणत्या वाडीतला होता, हे आम्ही विचारले. ते येथे लिहिण्याची आवश्यकता नाही.

बाबासाहेबांनी कामगारांच्या प्रश्नात ही बाजू कधी झाकली नाही. गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील बॉबिन बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरांना त्याचा विटाळ होई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, सर्व खात्यांत काम करण्याचा आमचा हक्क मागण्यांत घाला, अन्यथा आमच्या माणसांना आम्ही संपात येऊ देणार नाही. पुढाऱ्यांनी ती मागणी घातली, पण नाराजीने. पुढे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे भरलेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की, रेल्वेतील आपला माणूस जन्मभर गँगमनच राहतो. त्याला हमालाचीदेखील जागा मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करून घेतो आणि घरात त्याला अस्पृश्य चालत नाही. देखरेख करणारा कामाचे माप घेतो की माणसाचे, हा प्रश्न त्या भाषणात स्पष्टपणे उभा होता.

त्याच बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य म्हणून काम पाहिले. कामगारविषयक धोरण ठरविताना सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एका मेजाभोवती बसविण्याची पद्धत या काळात रुजली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून बोलका प्रसंग डिसेंबर १९४३ चा आहे. त्या महिन्यात ते धनबादकडील कोळसाखाणी पाहण्यास गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांशी बोलले, त्यांच्या राहत्या खोल्या पाहिल्या. देशाचे मजूर खाते ज्याच्या हाती, तो माणूस अहवाल मागवूनही थांबू शकला असता.

काही मंडळी म्हणतील, समतेच्या गोष्टी ठीक आहेत, पण मागे लागल्याशिवाय काम होत नाही. हे म्हणणे खोटे नाही. आश्चर्य वाटेल, पण विनयपिटकालाही ते मान्य आहे. चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. विहाराच्या आवारात काम करणाऱ्या सेवकांना 'आरामिक' म्हणत. त्यांना कामाला लावणारा कोणी नव्हता, म्हणून ते काम करीत नसत. ही गोष्ट तथागतांच्या कानावर गेली. त्यांनी सेवकांना हाकलून देण्यास सांगितले नाही, त्यांना उपदेशाचे प्रवचनही दिले नाही. त्यांनी संघाला एक अधिकारी नेमण्याची अनुज्ञा दिली. त्याचे नाव 'आरामिकपेसक', म्हणजे आरामिकांना कामावर पाठविणारा. सरळ मराठीत सुपरवायझर. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही नेमणूक आमच्या विद्यार्थ्याला सांगितली तेव्हा तो प्रथमच हसला.

ही नेमणूक कोणा एकाच्या मर्जीने होत नसे. संघापुढे नाव ठेवले जाई आणि संघाची संमती घेतली जाई. त्या माणसाच्या अंगी पाच गुण हवेत, अशी अट होती. तो छंदाने, द्वेषाने, मोहाने आणि भयाने वाकड्या वाटेस जाणारा नसावा, हे पहिले चार. पाचवा गुण अगदी व्यवहारी आहे : कोणाला कामावर पाठविले आणि कोणाला नाही, हे त्याला ठाऊक असावे. आजच्या भाषेत ड्यूटी चार्ट. चार गुण मनाचे, पाचवा वहीचा. आज सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात बहुतेक वेळ पाचव्यावरच जातो, असा आमचा अनुभव आहे.

या चार अगतींकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. छंद म्हणजे येथे आवडनिवड. आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा माणूस सोप्या जागी आणि दिवसपाळीला, बाकीचे रात्री. यातून आपण बौद्धही सुटलेलो नाही. 'आपल्या माणसाला सांभाळून घ्या सर,' हे वाक्य आम्ही अनेक पालकांच्या तोंडून ऐकले आहे. सांभाळून घेणे वेगळे आणि त्याच्या वाट्याचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकणे वेगळे. द्वेषाविषयी फार सांगायला नको, तो चटकन ओळखू येतो. मोह म्हणजे अज्ञान : ज्याने आयुष्यात स्वतः व्हॉल्व्ह फिरविला नाही त्याने फिरविणाऱ्याला मंद म्हणणे. उरले भय. लोक समजतात की भय कामगाराला असते. विनयकारांनी मात्र ते देखरेख करणाऱ्याच्या दोषांत घातले आहे, आणि यात मोठी सूक्ष्म दृष्टी आहे. वरच्याला घाबरणारा सुपरवायझर वाईट बातमी वर जाऊ देत नाही. ती आपल्या पाळीत घडलीच नाही असे दाखविण्यासाठी तो खालच्यांना दाबतो. मग खालचाही शिकतो. बादली खाली ठेवली जाते.

भोपाळची कथा मुळात हीच आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात कामगारांचे डोळे चुरचुरू लागले, गळतीची शंका आली, साडेअकराच्या सुमारास ती वरिष्ठांच्या कानावर घातली गेली. चहा झाल्यावर पाहू, असे ठरले. चहा संपेतो टाकीतील दाब हाताबाहेर गेला. त्यापूर्वीच्या काळात खर्चकपातीसाठी कामगारांची संख्या घटविली होती आणि रात्रपाळीचा देखभाल सुपरवायझरच काढून टाकला होता. डोळे चुरचुरणे त्या कारखान्यात नेहमीचे झाले होते, म्हणून सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन उरले नव्हते. पुढे १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली. तातडीच्या धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्कही त्यात लिहिला गेला. धाटावमध्ये नोकरी करणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने ही पार्श्वभूमी जाणून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे.

याउलट चित्र पाहण्यासाठी रोह्याच्या बाहेर जावे लागत नाही. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. रोहा ते वीर हा तिचा टप्पा १९९३ साली वाहतुकीस खुला झाला आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग. पावसाळ्यात दरडीच्या जागी रात्रभर रुळांवरून चालणारा गस्तवाला असतो. पगाराने तो रेल्वेच्या उतरंडीत तळाशी असेल, पण रुळावर दगड दिसला तर लाल दिवा दाखवून, रुळावर फटाका लावून तो अख्खी एक्सप्रेस थांबवू शकतो. गाडी का थांबविलीस, हे नंतर विचारले जाते. आधी गाडी थांबते. शंका चुकीची निघाली म्हणून त्याला दंड होऊ लागला तर पुढच्या वर्षी त्या मार्गावरून आपली मुले गावी जाणार नाहीत. मनमाडच्या परिषदेत ज्या गँगमनची कैफियत मांडली गेली, त्याच्याच कामाला आज हा मान आहे. विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आम्ही हे सारे उंच आसनावरून सांगत आहोत, असे वाचकांनी समजू नये. आम्ही स्वतः मुकादम होतो. अनेक वर्षांपूर्वी एका वसतिगृहाचे अधीक्षकपद आमच्याकडे आले तेव्हा शिस्त आणण्याच्या उत्साहात आम्ही स्वयंपाकघरासाठी नुकसानीची वही सुरू केली. काही फुटले, हरवले, बिघडले की वहीत नोंद आणि पगारातून वजावट. तीन महिन्यांत नोंदी जवळजवळ शून्यावर आल्या. आम्ही समितीपुढे ती वही अभिमानाने ठेवली. एका पहाटे स्वयंपाकघराजवळून जाताना गॅसचा वास आला. पाहतो तो शेगडीची रबरी नळी चिरलेली आणि तिच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली.

"मावशी, हे कधीपासून?"

"आठ दिवस झाले असतील, सर. मी सिलिंडरचं बटन दर वेळी बंद करते."

"अहो, पण सांगायचं नाही का?"

"मागल्या महिन्यात कुकरची शिटी हरवली तर पन्नास रुपये कापलेत. नळी दीडशेची आहे म्हणतात."

शेजारच्या खोलीत साठ मुले झोपलेली होती. त्या दिवशी आम्ही वहीतील रकमेचा रकाना खोडला. वही बंद केली नाही. नोंद हवीच, नाहीतर तीच नळी पुन्हा चिरते. तिच्या शेजारी दुसरी, कोरी वही लटकविली आणि अधीक्षकाच्या कामात जे चुकते ते कोणीही लिहावे, असे सांगितले. पाच महिने ती कोरीच राहिली. लोक आमचा अंदाज घेत होते. नंतर एके दिवशी सहावीतल्या मुलाच्या अक्षरात, पण मावशींच्या शब्दांत, पहिली नोंद आली : सर पंगतीत ओरडतात, त्यामुळे लहान मुले कमी जेवतात. आम्हांस राग आला, हे कबूल करतो. तो ओसरायला दोन दिवस लागले.

अशी वही ठेवण्याची कल्पना आमची नव्हे. वर्षावासाच्या शेवटी संघात प्रवारणा होत असे. तीन महिने एकत्र राहिल्यावर प्रत्येक भिक्खू संघाला विनवी की, माझ्या हातून काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने सांगा. ज्येष्ठ भिक्खूंनाही यातून सूट नव्हती. संयुत्त निकायात तर स्वतः तथागत जमलेल्या भिक्खूंना विचारतात की, माझ्या कायेने वा वाणीने घडलेली काही गोष्ट तुम्हांस निंद्य वाटते काय. ज्याच्यावर देखरेख करायची त्यालाच देखरेखीचा हक्क देणे, हे जगातील फार थोड्या संस्थांना साधले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन याने प्रत्येक कामगाराजवळ चार रंगांचा लाकडी ठोकळा टांगला होता. काळी बाजू पुढे असेल तर काम वाईट, मग निळी, पिवळी आणि सर्वोत्तम पांढरी. ओरडणे नाही, मारणे नाही. अन्याय झाला असे वाटल्यास कामगाराला थेट ओवेनकडे दाद मागता येई. त्या काळाच्या मानाने हे मोठेच पाऊल. तरीही ठोकळा फिरविण्याचा अधिकार एकाच बाजूस होता. ओवेनच्या स्वतःच्या टेबलावर कामगारांनी फिरविण्याचा ठोकळा नव्हता.

आजच्या बायोमेट्रिक हजेरीविषयी आणि कॅमेऱ्यांविषयी आम्हांस वारंवार विचारले जाते. यंत्राला आमचा विरोध नाही. यंत्र नातलग पाहत नाही, एवढा त्याचा गुण निश्चित. पण कॅमेऱ्यात बादली ठेवणारा माणूस दिसतो, त्याने ती का ठेवली ते दिसत नाही.

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत आमच्या काही विद्यार्थिनी हंगामात रंगकामास जातात. मूर्तिपूजेविषयी आमचे विचार वाचकांस ठाऊक आहेत; येथे प्रश्न कारागिरीचा आहे. हमरापूरकडील एका कारखान्यात आम्ही पाहिले की डोळ्यांची आखणी करणारा वयस्क कारागीर मुलींच्याच रांगेत, त्याच पाटावर बसला होता. एखादीचा हात चुकला तर तो मूर्ती उचलून स्वतःकडे घेई, कोपरा दुरुस्त करी आणि परत देई. मुलगी पाहत राही. त्याला कोणी सुपरवायझर म्हणत नव्हते. मात्र संध्याकाळी पाणी भरून ठेवायचे काम मुलींकडेच होते, हेही आम्ही पाहिले आणि निघताना त्याला तसे सांगितले.

सिगालोवाद सुत्तात मालकाने कामगाराशी कसे वागावे, याचे पाच नियम येतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात त्यांचा समावेश केला आहे. ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड मिळाले तर वाटून घ्यावे, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी, असा त्यांचा आशय. पहिल्या नियमावर आमच्या विद्यार्थ्याशी बराच वेळ बोलणे झाले. ताकद पाहून काम देण्यासाठी माणसाची ताकद ठाऊक हवी. कोणाची पाठ धरलेली आहे, कोणाला रात्री कमी दिसते, कोणाच्या घरी नुकतीच मयत झाली आहे, कोणाला वाचता येत नाही पण तो सांगत नाही. त्याच्या पाळीतील बावीस माणसांपैकी किती जणांना पाटीवरची सूचना वाचता येते, हे त्याला सांगता आले नाही. "बघतो, सर," म्हणाला. नंतर कळले की पाच जणांना येत नव्हती. त्यांपैकी एक बादली ठेवणारा.

त्या दिवशी आम्ही त्याला चार-दोन साध्या गोष्टी सांगितल्या. पाळी सुरू होताना दहा मिनिटे सर्वांनी उभ्याउभ्या बोलावे आणि पहिला प्रश्न 'काल काय बिघडले' हा नसावा, 'काल काय दिसले' हा असावा. चूक सांगायची ती एकट्याला, बाजूला नेऊन, शाबासकी चारचौघांत. बिघाड सांगणाऱ्याचे नाव ठेकेदाराला कधीही कळवू नये. मेमो हा शेवटचा उपाय आणि तोही समोरच्याचे म्हणणे त्याच कागदावर लिहून घेतल्याशिवाय नको. कंत्राटी माणसाच्या आणि कायम माणसाच्या पाण्याचा पिंप एकच असावा. हे शेवटचे त्याच्या अधिकारात नव्हते, पण मागण्याचा अधिकार होता. जे त्याच्याकडे जातीमुळे दुर्लक्ष करतात त्यांच्याशी कसे वागावे, याला मात्र आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. सूचना लेखी द्यावी, काम त्यांच्याइतके किंवा अधिक चांगले यावे, अपमान झाला तर त्याच दिवशी, आवाज न चढवता बोलून दाखवावा, एवढे सांगितले. आणि तो राग कातकरवाडीतल्या माणसावर काढू नये, हे दोनदा सांगितले.

अश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपला त्या दिवशी, तो विहारात भेटला. दहा मिनिटांच्या बैठकीत पहिले दोन आठवडे कोणी तोंड उघडले नाही, असे म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात बादलीवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही जिन्यावर हेल्मेट काढता." सगळे हसले. हाही हसला आणि त्याने हेल्मेट घातले. दोन दिवसांनी त्याच माणसाने एका पंपाचा आवाज बदलल्याचे सांगितले. पंप उघडला तेव्हा बेअरिंग गेलेले निघाले.

ज्याचा गेट पास बंद झाला होता, तो आता एका वीटभट्टीवर उचल घेऊन गेला आहे. त्याचा पास पुन्हा सुरू व्हावा म्हणून आमच्या विद्यार्थ्याने व्यवस्थापनाला अर्ज दिला असून त्यात, नाव आपणच कळविले होते, असे स्पष्ट लिहिले आहे. अर्जाची भाषा तेवढी आम्ही तपासून दिली. हा लेख छापावयास जाईपर्यंत अर्जाचे उत्तर आलेले नाही.